दहापैकी चार

धरमपेठ, नागपूर
१२ एप्रिल २०२५

चि. वेदिका हिस यमुआत्याचे अ. उ. आ.

इकडे आम्ही सगळे ठीक, तुझंही पुण्यात बरं चाललं असेल. पाकीट बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलणं बंद केलंय, एवढंच. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई फोन नको म्हणते, याचं तुझ्या बाबांना फार हसू आलं. पण बोललं की गालाला थोडं दुखतं. मोबाइलवर अंगठ्याने टाइप केलेलं मला लिहिल्यासारखं वाटत नाही, म्हणून हा कागद. उत्तरही कागदावरच पाठव. तू होमिओपॅथीची का होईना डॉक्टर, त्यामुळे अक्षराची मला आशा नाही, पण या चार महिन्यांत डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय झाली आहे.

डिसेंबरात मला नागीण झाली होती हे तुला माहीत आहे. उजवा गाल आणि हनुवटी. पुरळ गेलं, डाग फिकट झाले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. आपली पोळ्यांची कौशल्या भिवापूरहून मंत्रलेला गेरू घेऊन आली. नागिणीचं तोंड शेपटीले लागलं नाही म्हनून वाचल्या बाई तुमी, असं तिचं म्हणणं. तो गेरू काही मी लावून घेतला नाही, पण तिने रुसू नये म्हणून देवापुढे ठेवला आहे.

गोळ्या चालू आहेत. त्यातली एक अफूच्या जातीची आहे. तिने दुखणं जरा मागे सरकतं, पण माणूसही मागे सरकतो. दुपारी बसल्याबसल्या डोळे मिटतात, कोणी काय म्हणालं ते राहत नाही. मागे न्हाणीघरात जरा टेकले. तेव्हा आमच्या अपूर्वने सदर भागात डॉ. मयुरा म्हणून आहेत, त्यांच्याकडे नेलं. नुसत्या दुखण्याचेही डॉक्टर असतात हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. मुलगी गुणी आहे. ती म्हणते की कानापुढून सुई घालून त्या नसेला रेडिओलहरी द्यायच्या, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. बहुतेकांचं दुखणं उतरतं आणि मग ती गोळी हळूहळू सोडवता येते.

पण विमा कंपनीने मंजुरी नाकारली. अपूर्वने इंग्रजी पत्र वाचून दाखवलं. दुखणं मध्यम आहे, गोळ्यांनी आटोक्यात आहे, सबब या उपचाराची गरज दिसत नाही, असं काहीसं. गंमत अशी की तीन दिवस भरती होऊन त्याच अफूच्या जातीची इंजेक्शनं घेतली असती तर चाललं असतं म्हणे. अपूर्व स्वतः खर्च करतो म्हणतो. लेकीच्या, गुंजनच्या, कॉलेजसाठी त्याने बाजूला ठेवलेलं मी माझ्या गालात घालू देणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं आहे. तू क्लेमच्या ऑफिसात बसतेस, म्हणून विचारते. यात काही करता येण्यासारखं आहे का? नसेल तर तसं कळव, मी विषय सोडून देते.

आशीर्वाद पुरेसे पाठवले आहेत, जपून वापर.

तुझी
यमुआत्या


पुणे
१८ एप्रिल २०२५

ती. यमुआत्यास वेदिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शाळा सोडल्यानंतर मी पहिल्यांदाच दोन पानं हाताने लिहिते आहे. चुका काढ, पण लाल पेनाने नको.

आता रागावते, कारण रागवायचा हक्क तू पत्रात दिलेला नाहीस, तो मी घेते. तू लिहितेस की गालाला थोडं दुखतं. बाबांना फोन केला तर ते सांगतात की नागपूर त्रेचाळीस अंशावर आहे आणि तू कूलर बंद करून बसतेस, कारण त्याची हवा गालावर आली की तू खुर्चीचा हात धरतेस. बाहेर निघताना तोंडाला दुपट्टा बांधता येत नाही, म्हणून घराबाहेर निघतच नाहीस. ताक आणि पातळ भात, तोही डावीकडून. आणि न्हाणीघरात जरा टेकले म्हणजे भुवईला दोन टाके, हेही बाबांनीच सांगितलं. आत्या, या सगळ्याला थोडं दुखतं म्हणतात होय?

मी अपूर्वदादाकडून सगळ्या कागदांचे फोटो मागवले. तुझी पॉलिसी आमच्या कंपनीची नाही, त्यामुळे मला आत शिरून काही करता येणार नाही, आणि तशी खटपट मी करणारही नाही. पण नकाराचं कारण मला एका मिनिटात सापडलं. डॉ. मयुरांच्या तपासणीच्या कागदावर एक चौकोन आहे. वेदना शून्य ते दहामध्ये किती, असा प्रश्न. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी जास्तीत जास्त. तिथे तुझ्या नावापुढे चार लिहिलं आहे.

चार म्हणजे आमच्या ऑफिसच्या हिशोबाने बाई कामाला लागू शकते. फायलीत बाकी काहीही लिहिलेलं असो, तपासणाऱ्याची नजर आधी त्या आकड्यावर जाते. मला वाटतं, डॉक्टरांकडून किंवा तिथल्या नर्सकडून चुकीचं लिहिलं गेलं. तसं असेल तर दुरुस्त करून घेता येईल. तू एकदा आठवून कळव.

सुरुचीवहिनीला नमस्कार सांग. गुंजनला म्हणावं, आजीचं पत्र पोस्टात टाकायचं काम तिचं.

रागावले असले तरी तुझीच
वेदिका


धरमपेठ, नागपूर
२४ एप्रिल २०२५

चि. वेदिकास अ. उ. आ., रागासकट.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोळीमुळे पहिल्यांदा वाचलेलं अर्धं निघून गेलं होतं. अक्षर मी समजत होते तेवढं वाईट नाही.

डॉक्टरांची चूक नाही आणि नर्सचीही नाही. चार मीच सांगितलं.

त्यांनी मार्चमध्ये विचारलं तेव्हा असंच विचारलं, की दहा म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल ते सगळ्यात मोठं दुखणं. मला कल्पना करायची गरज नव्हती ग. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटचे अडीच महिने कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलायची म्हटली तर आधी ते डोळे मिटून तयारी करायचे, आणि तरी त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मी कोणाला कधी सांगितलेला नाही. दहा ते. मग त्यांच्यापुढे माझ्या गालाचं किती सांगायचं? मला आठ म्हणायची लाज वाटली. सहासुद्धा जास्त वाटलं. चार बरं वाटलं.

शिवाय आमचं वळणच तसं. अपूर्वच्या वेळी चौदा तास कळा दिल्या आणि आवाज बाहेरच्या खोलीत गेला नाही, याचं तुझ्या आजीने वर्षभर कौतुक सांगितलं. आल्यागेल्याला सांगितलं. कौशल्याचं म्हणणं आहे की बाई काहून एवढ्या गप्प राहून राहिल्या, जरा मोठ्यानं रडून घ्याव, कोन आयकून राहिलं इथं. मला ते जमत नाही. रडताना गाल हलतो हेही एक आहेच.

तुझे बाबा परवा आले होते. कागद बघून म्हणाले की सरळ दहा सांगून टाक, विम्याच्या कामात सगळे तसंच करतात. गिरिधर जन्मभर सरकारी ऑफिसात राहिला, त्याला काही वाटत नाही. मला वाटतं. एकदा चार सांगून आता विम्यासाठी दहा म्हणायचं, म्हणजे खोटंच की. मी ते करणार नाही.

तरी एक तुला लिहिते, अपूर्वला सांगितलेलं नाही. ह्यांना शेवटी मॉर्फिन होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ज्याने ते शोधलं त्याचे उपकार. पण ते झोपेतच असायचे. एकदा माझ्याशी बोलायला लागले आणि वाक्य पुरं व्हायच्या आधी झोपले. ते काय म्हणणार होते हे मला अजून माहीत नाही. मी अजून मरायला टेकलेली नाही, वेदिका. मला जागं राहायचं आहे. ही गोळी जन्माची झाली तर माझीही वाक्यं तशीच अर्धी राहतील, याची मला भीती वाटते. दुखण्यापेक्षा त्याची जास्त वाटते.

बरं, हे वाचून घाबरू नकोस. तब्येतीला जप.

माया आहे तेवढीच, कमी झालेली नाही.

तुझी
यमुआत्या


पुणे
३० एप्रिल २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात नेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग डबा उघडला नाही.

तू खोटं बोलू नकोस. मी तुला दहा सांग असं म्हणत नाही, बाबांचं ऐकूही नकोस. पण तू चार सांगितलंस तेही खरं नव्हतं, हे तुला पटतं का? त्या चौकोनात काकांच्या दुखण्याशी तुलना मागितलेली नाही. त्यांचं दहा त्यांच्या कागदावर होतं, ते कोणी कमी करणार नाही. तुझ्या कागदावर तुझं पाहिजे. चारचं आणखी एक झालं. ते वाचून कंपनीला वाटलं की गोळी पुरेशी आहे, आणि तुला ज्या गोळीची भीती आहे तीच तुझ्या गळ्यात पडली.

तेव्हा असं कर. आकडा थोडा वेळ बाजूला ठेव. डिसेंबरपासून जे जे करायचं तू सोडलंस ते एका कागदावर लिही. कुठलंही विशेषण नको, रडगाणं नको, जमतं ते जमतं म्हण आणि नाही ते नाही. कूलर, ताक, टाके, झोप, सगळं. तो कागद घेऊन डॉ. मयुरांकडे जा, त्यांना नव्याने तपासू दे आणि मग त्या विचारतील तेव्हा जे असेल ते सांग. त्यांची चिठ्ठी आणि तुझा कागद दोन्ही जोडून अपूर्वदादाने कंपनीच्या तक्रार विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करावा. अर्ज बाबांना लिहू देऊ नका. ते उपरोक्त संदर्भांकित विषयान्वये सुरू करतील आणि मुद्द्यावर येईपर्यंत वाचणारा जेवायला उठेल.

एक सांगून ठेवते. फेरविचारात कधीकधी कंपनीचा डॉक्टर पेशंटला फोन करतो. त्याला पेशंटशीच बोलायचं असतं, घरच्यांशी नाही. मला माहीत आहे मी काय मागते आहे.

तुझी माया अशीच भरभरून राहो, खरं मात्र माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी
वेदिका


धरमपेठ, नागपूर
१३ मे २०२५

चि. वेदिका हिस अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कागदावर सतरा ओळी झाल्या. मला वाटलं होतं पाच-सहा होतील. लिहिताना एक ओळ अशी आली की गुंजन शाळेतून आली की गालाला गाल लावायची, जानेवारीपासून मीच तिला लांब ठेवते आणि ती आता आपणहून जवळ येईनाशी झाली आहे. ते लिहून मी पेन ठेवलं आणि आत जाऊन बसले. डॉ. मयुरांनी कागद वाचला, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या की हे तुम्ही मला मार्चमध्येच सांगायला हवं होतं. मी म्हटलं की तुम्ही आकडा विचारला होता. त्यांनीही मान्य केलं की फक्त आकडा विचारून त्या पुढे गेल्या होत्या.

काल, सोमवारी, सव्वाअकराला फोन आला. कंपनीचे डॉक्टर मुंबईहून बोलत होते, मराठीच. अपूर्वने सांगून पाहिलं की आईला बोलताना त्रास होतो. ते म्हणाले की थोडं तरी त्यांच्याशीच बोलावं लागेल. मी मोबाइल डाव्या कानाला लावला. त्यांनी पूर्ण नाव विचारलं. यमुना म्हणताना मधल्या अक्षराला ओठ मिटतात, तिथेच पहिली कळ आली. मी थांबले. आम्ही एक्स्चेंजमध्ये असताना लाइन अशी गप्प झाली की मनात दहा मोजायचे आणि मगच तोडायची, असा नियम होता. हे किती मोजतात याची मी वाट बघत राहिले. त्यांनी हॅलो हॅलो केलं नाही. लाइन धरून बसले.

मग जेवण विचारलं, झोप विचारली, गोळीने काय होतं ते विचारलं. मी बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी आकडा विचारला. मी म्हटलं नऊ. ते म्हणाले की मार्चच्या कागदावर चार आहे, हे कसं? मी खरं काय ते सांगितलं. दहा माझ्या यजमानांचे होते, त्यांना ते सोसताना मी बघितलं, त्यामुळे माझं मोजायला मला जागाच उरली नव्हती. पाचव्यांदा थांबले ते गालामुळे नाही.

अकरा मिनिटं बोलले. आठवड्याभरात कळवू म्हणाले आणि काळजी घ्या म्हणाले. नंतर मी संध्याकाळपर्यंत पडून होते. अपूर्व कंपनीला फार बोलला. मला त्या माणसाचा राग आला नाही. सहा वर्षांत ह्यांच्या त्या दिवसांबद्दल मी पहिल्यांदा कोणाशी बोलले आणि तोही कोण कुठला, तोंड न पाहिलेला.

मंजूर करतील की नाही, माहीत नाही. नाही केलं तर पुढे काय ते तूच सांग, पण मी आता गप्प बसणार नाही.

आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

तुझी
यमुआत्या


पुणे
१९ मे २०२५

ती. यमुआत्यास नमस्कार. आज शिरसाष्टांग लिहायलाही संकोच वाटतो.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात एक काम केलं. गेल्या वर्षभरात दुखण्यावरच्या उपचाराचे जे क्लेम मी नाकारले, ते सगळे काढले. एकतीस निघाले. त्यातल्या एकोणीस कागदांवर तो आकडा पाच किंवा त्याहून कमी होता. तीन, चार, चार, पाच, तीन. सगळ्या बायका, आणि बहुतेक साठीच्या पुढच्या. एकीच्या कागदावर तर रुग्ण हसतमुख आहे असं लिहिलेलं होतं आणि मी त्याच्याखाली पेनाने रेघ मारली होती, नकाराचा आधार म्हणून. मला वाटायचं, मी काटेकोर काम करते.

एकीलाही मी फोन केला नव्हता. करावाच लागतो असं नाही, त्यामुळे कोणी करत नाही. तुझा चार बघून मी तुला लगेच विचारलं की डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं का. त्या एकोणिसांच्या बाबतीत हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्या कोणाच्या तरी आत्या होत्या, माझ्या नव्हत्या. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे.

वरिष्ठांची सही घेतली तर फायली पुन्हा उघडता येतात. पण इतके महिने झाल्यावर आता कशाला उकरायचं, असं शेजारच्या टेबलांवरचे सगळे म्हणतात. मलाही कळत नाही आहे. तू काय म्हणशील याची भीती वाटत असूनही तुलाच लिहिते. मला माफ कर, आत्या.

तुझ्या निकालाची वाट बघते आहे. कळला की बाबांकरवी लगेच निरोप दे, पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी
वेदिका


धरमपेठ, नागपूर
३ जून २०२५

चि. वेदिका हिस अनेक उत्तम आशीर्वाद. आज पूर्ण लिहिले आहेत, कारण हात मोकळा आहे.

मंजुरी आली आणि गेल्या बुधवारी सदरला जाऊन सुई घेऊनही आले, हे तुला बाबांनी सांगितलंच आहे. पुढचं माझ्याकडून ऐक. पहिले दोन दिवस गाल बधिर होता आणि मला वाटलं सगळं फुकट गेलं. शनिवारी सकाळी उठले, न्हाणीघरात गेले आणि सवयीने डाव्या हाताने अर्धंच तोंड धुवायला लागले. मग उजवा हात हळूच वर नेला. काही झालं नाही. दोन्ही हातांनी पाणी घेतलं आणि तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, किती वेळा ते मोजलं नाही. सुरुची दार वाजवायला लागली की आई पडल्या की काय. तिला सांगायला दार उघडलं आणि तिच्यासमोर रडले. आवाज करून रडले, कौशल्या स्वयंपाकघरातून पोळपाट टाकून धावत आली.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. काल डॉ. मयुरांनी विचारलं तेव्हा तीन सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. अफूची गोळी अर्धी केली आहे, महिन्यात बंद करू म्हणतात. परवा तुझ्या बाबांशी फोनवर पाऊण तास बोलले. शेवटी त्यांनीच दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.

तुलाही फोनच केला असता. पण तू कागदावर विचारलंस, म्हणून कागदावर उत्तर देते.

तू माझी माफी मागतेस, ती मला देता येत नाही. माझं तू काही वाईट केलेलं नाहीस. तुझ्यामुळे मी आज तोंड धुते आहे, आणि तुझा मला अभिमान आहे, तोही आजच लिहून ठेवते. पण ज्या एकोणीस जणी आहेत, त्यांच्या वतीने माफी देणारी मी कोण? त्या अजून कूलरपासून लांब बसल्या असतील. त्यांनाही कोणीतरी चार सांगायला शिकवलं असेल, आणि त्यांच्याही घरात कोणाचे तरी दहा होऊन गेले असतील. महिने झाले म्हणून त्यांचं दुखणं जुनं झालं असेल, कमी झालं असेलच असं नाही.

वरिष्ठांकडे जा आणि सही माग. नाही म्हणाले तर पुन्हा माग. फायलीवर नंबर असतीलच. एकोणीस म्हणजे काही फार नाहीत, आम्ही एका पाळीत शेकड्याने जोडायचो. एकेकीला फोन लाव. पहिल्यांदा सगळ्या म्हणतील की बरं आहे. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.

एकोणिसावा फोन झाला की मला कळव. तोपर्यंत लोभ माझ्याकडे जमा आहे.

तुझी
यमुआत्या